तंबोऱ्याचे लाकूड

तंबोऱ्याच्या नादावर लाकडाचा, विशेषतः तबलीच्या लाकडाचा, मोठा परिणाम होतो. तबली म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेली पातळ, किंचित फुगीर फळी. तार स्वतः फार थोडी हवा हलवते. तिचे कंपन घोडीवाटे तबलीत उतरते तेव्हाच ते मैफलीत ऐकू येण्याजोगे होते. त्यामुळे तबलीचे लाकूड हलके, पण रेषांच्या दिशेने ताठ असावे लागते. जड लाकूड हलवण्यातच तारेची बरीच शक्ती खर्च होते.

मिरजेत या कामासाठी तूण वापरतात. हे तांबूस लाकूड कडुनिंबाच्याच कुळातले. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तेथे हा व्यवसाय रुजवला. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

तबलीमागचा भाग लाकडाचा नसतोच. तो असतो पंढरपूर-मंगळवेढा परिसरातला कडू भोपळा. गिटारीत मात्र पाठीच्या शिसवीचे फार कौतुक होते. स्पॅनिश कारागीर आंतोनियो दे तोरेस यांनी १८६२ मध्ये पाठ व कडा पुठ्ठ्याच्या करून वर लाकडाची तबली बसवली, ती नेमके हेच तपासण्यासाठी. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील प्रयोगातही ५२ वादकांनी न पाहता वाजवलेल्या, केवळ पाठ व कडांच्या लाकडात भिन्न असलेल्या ६ गिटारींना जवळपास सारखेच गुण दिले.

तंबोऱ्याचा घुमारा मात्र पुष्कळदा लाकडाच्या नावावर विनाकारण जमा होतो. तो जवारीचा, म्हणजे घोडीच्या माथ्याला घासून दिलेल्या सूक्ष्म उताराचा आणि तारेखाली सरकवलेल्या सुताचा असतो.