सेम्बुंगानचा बटाटा आणि उताराची माती



लागवडीच्या गडबडीत लांबलचक लिहायला होत नाही, पण ही नोंद सऱ्या पाडायच्या आधीच लिहायची होती. आमचं सातगाव पठार खरीप बटाट्याचं, हे तुम्हाला माहीत आहेच. गेल्या ऑगस्टमध्ये मी बटाट्याचंच दुसरं एक पठार बघून आलो, थेट इंडोनेशियात, जावा बेटाच्या मधोमध. मुलगा तिकडे नोकरीला आहे. आमच्या बटाट्याला भर लावून झाली होती, राहिलेल्या फवारण्या धाकट्या भावावर सोपवल्या आणि निघालो. मुलगा म्हणाला, "आबा, समुद्र बघायचा का बटाटा?" मी काय सांगितलं असेल ते लिहायला नको.

पठाराचं नाव दिएंग. 'ह्यांग' म्हणजे देव, पितर. त्यांची जागा ती दिएंग. समुद्रसपाटीपासून 2,000 मीटरच्या वर. त्यातलं सेम्बुंगान हे गाव सुमारे 2,300 मीटरवर आहे, जावातलं सगळ्यात उंचावरचं गाव म्हणून ओळखलं जातं. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर आणखी एक मोठा डोंगर ठेवला तर जिथे पोचाल, तिथे ही माणसं बटाटा लावतात. गावाला लागून एक तळं, तेलागा चेबोंग. चहूबाजूंनी डोंगर, आणि डोंगरावर पायथ्यापासून माथ्यापर्यंत बटाट्याचे वरंबे.

आता थोडा इतिहास, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

या पठारावर शंकराची दगडी देवळं आहेत. जावातली आज उभी असलेली ही सगळ्यात जुनी देवळं, साधारण सातव्या-आठव्या शतकापासूनची. आज आठच उरलीत. पुढच्या काळात लोकांनी त्यांना वायांग म्हणजे बाहुल्यांच्या खेळातल्या पात्रांची नावं दिली: अर्जुन, भीम, घटोत्कच, सुभद्रा. तिथे सापडलेल्या एका शिलालेखावर शके 731 आहे, म्हणजे इसवी सन 809. आपण पंचांगात जो शक लिहितो तोच! वाचून अंगावर काटा आला. आज तिथली वस्ती मुसलमान आहे, पण अर्जुन-भीम ही नावं घरच्या माणसासारखी घेतात.

शेतकऱ्याच्या नजरेला मात्र देवळापेक्षा दुसरीच गोष्ट पडली. देवळं आहेत ती सपाटी मुळात दलदलीची. तिथलं पाणी बाहेर काढायला जुन्या लोकांनी जमिनीखालून चर खोदला होता. त्याला आज अश्वत्थाम्याचं भुयार म्हणतात. म्हणजे हजार-बाराशे वर्षांपूर्वी इथे निचरा कळणारी माणसं होती. पुढे वस्ती ओस पडली, निचरा बघणारं कोणी उरलं नाही. 1814 साली एक युरोपीय अधिकारी वर पोचला तेव्हा देवळं पाण्यात उभी होती. नंतर डचांच्या अमलात पाणी काढलं. एकोणिसाव्या शतकात लोक पुन्हा वर चढले, जंगल तोडून मका, तंबाखू, कोबी करू लागले.

जमीन ज्वालामुखीची. काळी, भुसभुशीत, हातात घेतली तर रव्यासारखी. पण ज्या आगीनं ती दिली ती अजून विझलेली नाही. 20 फेब्रुवारी 1979 ला जवळच्या एका विवराचा स्फोट झाला. घाबरून पळालेली माणसं वाटेत जमिनीतून निघालेल्या कार्बन डायऑक्साइड वायूत सापडली. दीडशेच्या आसपास माणसं रस्त्यातच गेली. तरी लोक राहिले. अशी माती सोडून कोण जाईल?

मग 1980 च्या दशकात आला बटाटा. थोडाफार आधीही होता, पण पश्चिम जावातल्या पांगालेंगान भागातून ग्रॅनोला जातीचं बेणं आलं आणि खेळ बदलला. जात मूळची जर्मनीची. थंड हवा, हलकी जमीन, वर्षातून दोन-तीन पिकं. पैसा आला. लाकडी घरांच्या जागी पक्की घरं झाली, पोरं शिकली, बटाट्याच्या पैशावर माणसं हजला जाऊन आली. 1998 ला तिथली राजवट कोसळली, त्या गोंधळात सरकारी जंगलही तुटलं आणि बटाटा आणखी वर चढला.

सेम्बुंगानमध्ये एका म्हाताऱ्या शेतकऱ्याबरोबर अर्धा दिवस काढला. तिथे वडीलधाऱ्याला 'पाक' म्हणतात, मीही पाक म्हटलं. मुलगा मधे बसून बोलणं पोचवत होता. ऑगस्ट म्हणजे तिथला कोरडा हंगाम, पाऊस नाही. तळ्यावर इंजिनं आणि डोंगरभर पाइपांचं जाळं. पहाटे कोवळ्या पिकावर पांढरी साय धरलेली. रात्री पारा शून्याखाली जातो आणि दव गोठतं. त्याला ते 'एम्बुन उपास' म्हणतात, म्हणजे विषारी दव. ऊन वर आलं की पाला उकडल्यासारखा काळा पडतो. पाकने एक पान चुरगाळून माझ्या हातात दिलं, बोलला काहीच नाही.

मी मात्र बघत होतो त्यांचे वरंबे. उताराला आडवे नाहीत, वरून खाली सरळ सोडलेले. मी विचारलं, "पाक, पावसात माती जात नाही का?"

तो म्हणाला, "जाते. पण आडवा वरंबा केला तर पाणी तुंबतं आणि बटाटा सडतो. माती थोडी थोडी जाते, बटाटा एका आठवड्यात जातो."

मंडळी, हे उत्तर अडाण्याचं नाही. सरीत पाणी थांबलं की कूज येते, करपा उचल खातो, हे आपल्यालाही ठाऊक आहे. रान थोडं, खर्च मोठा, मग माणूस या हंगामाचं बघतो. पण चाळीस वर्षांची 'थोडी थोडी' किती होते ते पाकच्याच रानात दिसलं. वरच्या अंगाला मुरूम उघडा पडलाय. तिथे कोंबडखताच्या गोण्यांवर गोण्या ओततात, तेव्हा कुठे पीक उभं राहतं. फवारण्या वाढल्या. 2003 मध्ये इंडोनेशियात बटाट्यावरचा सोनेरी सूत्रकृमी सापडला, नंतर तो या पठारावरही निघाला. हाच सूत्रकृमी आपल्याकडे निलगिरीत 1961 पासून आहे. एकदा जमिनीत शिरला की फेरपालटाशिवाय सुटका नाही, आणि वर्षाला दोन-तीनदा बटाटाच घेणारा फेरपालट करणार कधी?

गेलेली माती कुठे गेली? थोडी तळ्यात, त्यामुळे तळं आटत-उथळ होत चाललंय. बाकीची सेरायू नदीत. ही नदी दिएंगलाच उगम पावते. उगमाच्या झऱ्याचं नाव 'बीमो लुकार', बीमो म्हणजे आपला भीम. खाली म्रिचा इथे तिच्यावर मोठं धरण आहे, 180 मेगावॅट विजेचं. पुरती चाळीस वर्षंही झाली नाहीत, पण डोंगरावरच्या गाळानं ते भरत आलंय.

उपाय त्यांच्याकडे आहेत. शेतीतले जाणकार सांगतात: वरंबे आडवे पण किंचित ढाळ देऊन, मधे पाणी काढायला चर, बांधावर झाडं. गावात कारिका नावाची डोंगरी पपई बांधावर दिसते. बटाट्यासारखीच तीही मूळची अँडीज पर्वतातली. तिची फळं पाकात घालून बाटल्या विकतात. काही ठिकाणी उतारावर कॉफी लावलीय. पण बटाट्याइतका रोकडा पैसा तिच्यात लवकर दिसत नाही, म्हणून काम सावकाश चाललंय.

परतताना विमानात झोप लागली नाही. वडिलांनी आमच्या वरच्या तुकड्यात तीन ताली घातल्या होत्या, दगड डोक्यावर वाहून. ट्रॅक्टर सलग फिरावा म्हणून मीच 8 वर्षांपूर्वी जेसीबी लावून त्यातल्या दोन काढल्या आणि सऱ्या उताराला सरळ सोडल्या. कारण तेच, पाकचंच: पाणी तुंबायला नको. आमचं पाणी वेळ नदीतून भीमेला जातं आणि भीमा उजनीत. तिथल्या गाळात माझ्या वडिलांच्या रानाची किती माती असेल, मोजायची कशी?

यंदा वरच्या तुकड्यातल्या 20 गुंठ्यांत आडव्या सऱ्या पाडतोय, थोडा ढाळ देऊन, दर दहा सऱ्यांनी एक चर. शेजारच्या 20 गुंठ्यांत नेहमीसारख्या. बेणं एकच, खत एकच. खालच्या अंगाला दोन खड्डे घेतलेत, कुठल्या बाजूने किती माती येते ते बघायला. कूज आली तर तीही लिहीन, लपवणार नाही. काढणीला दोन्हीकडच्या पिशव्या मोजून इथेच टाकतो.

कोणी उतारावर आडव्या सऱ्यांत बटाटा केला असेल तर ढाळ किती ठेवला ते कळवा. माझी लागवड आठ दिवसांवर आलीय.