मिस्सी शोधताना

नववीच्या उर्दूच्या तासाला 'मिस्सी' हा शब्द आला आणि एका मुलीने हात वर केला. "सर, माझी दादी लावते. मिश्री." वर्ग हसला. मी म्हणालो, मिश्री वेगळी आणि मिस्सी वेगळी, उद्या आणून दाखवतो. मास्तराने असा शब्द देऊ नये.

लोहाऱ्यात दोन दुकानांत विचारलं. दोन्हीकडे मिश्रीच पुढे आली, म्हणजे तव्यावर भाजून कुटलेली तंबाखू. उमरग्यातही तेच. रविवारी सोलापूर गाठलं. मशिदीजवळच्या एका दुकानात सुरमा होता, मिसवाक होती, अत्तराच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या. गल्ल्यावरचा तरुण म्हणाला, "मिस्सी? वो क्या होता जी?" मला वाटतं, सुरमा आणि मिसवाक टिकले ते सुन्नतच्या आधाराने, आणि पुरुष ते विकत घेतात म्हणून. मिस्सी बायकांची होती. मेहंदीही बायकांचीच, पण ती आजही सगळ्यांना सुंदर दिसते. काळे दात आज कोणाला आवडणार?

एके काळी आवडत. मिस्सी म्हणजे हिरड्या आणि दातांच्या फटी काळ्या करणारी पूड. हिराकस, हिरडा किंवा मायफळ, वासाला लवंग, वेलची. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं. हिराकशीतलं लोह आणि हिरड्यातला तुरट अंश एकत्र आले की काळा रंग तयार होतो. टाकाने लिहायची जुनी शाई याच रीतीने बनायची. जाफर शरीफ यांचं 'कानून-ए-इस्लाम' हर्क्लॉट्स यांनी इंग्रजीत आणलं आणि ते १८३२ साली लंडनला छापलं गेलं. दख्खनच्या मुसलमानांच्या चालीरीतींच्या या पुस्तकात मिस्सीचाही उल्लेख आहे.

पण हा नाद केवळ आपल्याच घरांतला नव्हता. जुन्या मराठी सुवासिनी दातवण लावत, तेही दात काळे करायला. अत्तराबरोबर सुरमा, कुंकू, दातवण विकणारा आपला अत्तार दोन्ही घरांच्या उंबऱ्यावर बसायचा. जपानमध्येही लोह आणि मायफळासारख्या गाठींची पूड वापरून दात काळे करत. १८७० साली तिथल्या सरकारने सरदार घराण्यांना ते बंद करायला लावलं आणि १८७३ साली सम्राज्ञी पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आली. आपल्याकडे असा काही हुकूम निघाला नाही. ब्रश आणि पेस्ट आली, शिकलेल्या मुलींना आईच्या दातांची लाज वाटू लागली आणि एकेका घरातून डबी उठली.

नाव मात्र तंबाखूने घेतलं. तंबाखू आपल्या भागाला नवी नाही. अकबराच्या दरबारात ती असद बेगने नेली ती विजापूरहून, आणि आपलं नळदुर्ग तेव्हा आदिलशाहीतच होतं. मिस्सी गेली, मिश्री राहिली. दोन्ही बोटाने लावायच्या, दोन्हींनी दात काळे. मिसळ व्हायला आणखी काय लागतं?

या मिसळीचा मला जो राग येतो त्याला कारण आहे. माझी नानी सास्तूरची. अम्मी सांगते, नानांचा इंतकाल झाला त्या दिवसापासून नानीने मिस्सी सोडली, कारण ती सुहागची निशाणी. पितळी मिस्सीदानी संदुकीत गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात घर बसलं. नानी वाचली. ढिगाऱ्यातून तपेली निघाली, शिलाई मशीन निघालं, संदूक चेपलेली निघाली, मिस्सीदानी नाही. गेल्या ईदला मावसभाऊ शिरखुर्मा खाता खाता म्हणाला, "नानी तंबाखू लावायची ना, म्हणून तिचे दात तसे होते." आयुष्यात तिने तंबाखूला हात लावला नव्हता. मी गप्प बसलो. दाखवायला हातात काही नव्हतं.

शेवटी काष्ठौषधींच्या दुकानातून हिरडा आणि हिराकस सुटे आणले. दातांना लावायचं धाडस केलं नाही, तुम्हीही करू नका. हिरड्याच्या काढ्याने कागदावर 'मिस्सी' लिहिलं, वरून हिराकशीचं पाणी फिरवलं. पिवळट अक्षरं बघता बघता काळी झाली. तो कागद वर्गात फिरला. त्या मुलीने दादीला दाखवायला मागून घेतला.

घरी उरलेली वाटी अम्मीने नाकाजवळ नेली आणि म्हणाली, "इसमें लौंग किधर है?"