पौडहून पुण्याला, उलट्या वर्षांनी

पौडच्या पंचायत समितीसमोर तुम्ही पुण्याची बस पकडता. समितीतल्या निम्म्या जागा बायकांच्या, हे आता कुणाला सांगावं लागत नाही. बसमध्ये खिडकीशी जागा मिळते. घोटावडे फाटा मागे पडतो आणि वर्षंही मागे सरकू लागतात.

पिरंगुटला 2011 लागतं. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये बायकांसाठी निम्म्या जागा राखीव होतात. भुकूमला 1993, त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती, एक तृतीयांश जागा. पारावर चर्चा एकच: “कारभार नवराच बघणार ना?” काही गावांत तसं होतंही. चांदणी चौकाच्या चढावर 1962. नव्या जिल्हा परिषदा नुकत्याच स्थापन झाल्यात. बायका निवडून आल्या नाहीत तर एक-दोघींना नेमून घ्यायची सोय कायद्यात आहे. सोय, हक्क नव्हे. त्याच वर्षी डाक खात्याने स्त्रीशिक्षणासाठी झटलेल्या रमाबाई रानडे यांचं तिकीट काढलंय. तुम्हाला त्यांनाच गाठायचंय.

कोथरूड येतं तेव्हा ते शहराबाहेरचं खेडं झालेलं असतं. 1921. तुम्ही आलात त्या खोऱ्यात टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशी सत्याग्रह पेटलाय, 16 एप्रिलला रामनवमीचा मुहूर्त साधून. सत्याग्रहाचे नेते सेनापती बापट यांचं नाव घरोघरी पोचलंय. मावळातल्या बायकाही त्यात उतरल्या, तुरुंगात गेल्या. पुस्तकांनी त्यांच्यातल्या फारच थोड्यांची नावं जपली. ही पुण्याची खोड म्हणा हवं तर, लिहिणारे शहरात होते. याच वर्षी मुंबई इलाख्यात कायदेमंडळासाठी बायकांना मताचा हक्क मिळतो, तोही कर भरणाऱ्या, मालमत्ता असणाऱ्या मोजक्या जणींना. उभं राहायचा हक्क नाहीच. मताच्या हक्कासाठी रमाबाई झटल्यात.

लकडी पुलावरून शहरात शिरता तर 1920. रस्त्याच्या कडेला गर्दी आणि मधून बायकांचा मोर्चा. पुण्यात बायका घोळक्याने बाहेर पडतात त्या देवदर्शनाला, हळदीकुंकवाला. नगरपालिकेवर चालून जायला नव्हे. मागणी अशी की सक्तीचं प्राथमिक शिक्षण द्यायचं तर मुलग्यांबरोबर मुलींनाही द्या. टिळकपक्षाचं म्हणणं, पैसा अपुरा आहे, आधी मुलगे. हिशेब वरवर सरळ वाटतो. पण तिजोरी आखडली की काट मुलींच्याच नावावर का बसते, हे त्यात कुठे येत नाही. मोर्चाच्या पुढे साठीकडे झुकलेल्या रमाबाई आहेत. टिळकांच्या शब्दाला त्यांच्याच पुण्यात भररस्त्यात विरोध करणं सोपं नाही. तुम्हीही चार पावलं चालता.

चालता चालता 1909 येतं. आजच्या लक्ष्मी रस्त्यावर सेवासदन ही बायकांसाठीची संस्था. सहकारी गोपाळ कृष्ण देवधर कागदपत्रं सांभाळतायत आणि रमाबाई विधवांना शिकायला बसवतायत. पुढे इथल्या मुली ससून रुग्णालयात नर्सिंग शिकतील. ते काम म्हणजे परक्या पुरुषांना हात लावणं, सगळ्या जातींची सेवा करणं. चांगल्या घरच्या बाईने नर्स व्हावं ही कल्पनाच तेव्हा पुण्याच्या पचनी पडत नाही. पुरस्कार, मानपत्रं यांच्यापेक्षा मला त्यांचं हे काम मोठं वाटतं, कारण यातून बायकांच्या हाती स्वतःची कमाई आली.

आता रानड्यांचं घर. 1884. न्यायमूर्ती रानड्यांशी अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेली ही मुलगी, रमाबाई, इथेच अक्षरं गिरवत मोठी झाली. आता विशीत आहे आणि आज गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर, भरसभेत, इंग्रजीत वाचून दाखवून आलीय: मुलींसाठी हायस्कूल हवं. सभेत टाळ्या झाल्या. घरी मात्र वडीलधाऱ्या बायका वाट बघत बसल्यात, आणि तुम्ही ओसरीवर अवघडून उभे. पुरुषांसमोर इंग्रजी वाचायला लाज कशी नाही वाटली, हाच सूर. याच घरात इंग्रजी शिकवणाऱ्या मिस हरफर्डची शिकवणी झाली की विटाळ मानून रमाबाईंना आंघोळीला धाडत. थंडीत तापही आला, तेव्हा लुगडं बदलण्यावर तडजोड झाली. रमाबाई उलट उत्तर देत नाहीत. नवऱ्याचा पाठिंबा आहे. पण न्यायमूर्ती दिवसभर घराबाहेर, आणि ही बोलणी खायची ती रमाबाईंनी एकटीनेच.

29 सप्टेंबरला हुजूरपाग्याची शाळा उघडते. मागितलेलं हायस्कूल मिळालं. आता त्यात मुली कोण पाठवणार, हा प्रश्न, आणि त्यासाठी घरोघर जाणं सुरू.