उठाव: नकाशातला आणि बाजारातला

'यंदा मालाला उठाव नाही' असं भोरच्या बाजारात कुणी म्हणालं, तर ऐकणारा भाव विचारतो. '१८५७ चा उठाव' म्हटलं की शाळेतला इतिहासाचा धडा आठवतो. चित्रकलेचे मास्तर सांगतात, 'सावली जरा गडद कर, चित्राला उठाव येईल.' आणि भूगोलाच्या तासाला येतो तो 'उठावाचा नकाशा', ज्यात डोंगर बोटाला लागतो आणि दरीत बोट घसरतं. विक्री, बंड, चित्र आणि डोंगर या चौघांना मराठीनं एकाच शब्दात बसवलं आहे, आणि चौघांची कुणाची अडचण होत नाही.

शब्दाची घडण सरळ आहे. संस्कृतातल्या 'स्था' या धातूला 'उत्' हा उपसर्ग लागला, प्राकृतात त्याचं 'उट्ठ' झालं, मराठीत 'उठणे'. त्याला जमाव, ठराव, चढाव यांतला '-आव' जोडला की उठाव. माल दुकानातून उठतो, माणसं सत्तेविरुद्ध उठतात, आकृती कागदावरून उठते, जमीन समुद्राच्या पातळीवरून उठते. मुळात क्रिया एकच. गंमत अशी, की 'ठाव' आणि 'ठाणं' हेही याच 'स्था'च्या घरातले. म्हणजे सपाट नकाशा आपल्याला गावाचा ठाव सांगतो आणि मातीचा नकाशा त्याचा उठाव सांगतो. दोन सख्खे शब्द, कामं वाटून घेतलेली.

'नकाशा' मात्र अरबीतून, फारसीच्या वाटेनं आला. त्या मुळाचा अर्थ रंगवणं आणि कोरणं. नक्षी, नक्षीदार, नक्काशी ही सगळी त्याचीच भावंडं. तांब्याच्या भांड्यावर ठोकून काढलेली वेलबुट्टी आणि भिंतीवर टांगलेला जिल्ह्याचा नकाशा एकाच कुळातले आहेत, हे आज पटकन लक्षात येत नाही, कारण कागदावर छापून छापून नकाशातलं कोरणं पुसून गेलं. कुणी लाकडाच्या फळीवर शाडूनं डोंगर उभे केले, की हा शब्द आपल्या जुन्या धंद्यावर परत येतो.

असा एक नकाशा पुण्याजवळ हिंगण्याला होता. महर्षी कर्व्यांच्या आश्रमात भुईवरच मातीचा भारत केलेला होता. काशीचे शिवप्रसाद गुप्त १९१३ च्या सुमारास आश्रम पाहायला आले, तेव्हा तो त्यांच्या नजरेत भरला. त्यातूनच पुढे वाराणसीचं भारतमाता मंदिर उभं राहिलं. तिथे गाभाऱ्यात मूर्ती नाही. अखंड भारताचा संगमरवरी उठावाचा नकाशा आहे. १९३६ साली गांधीजींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. संगमरवराच्या त्या देवळाची कल्पना हिंगण्याच्या मातीतून गेली, हे पुणेकरांनाही फारसं ठाऊक नसतं.

पण मातीचे नकाशे करायला आश्रमच लागतो असं नाही. भोंगवलीसारख्या गावात दिवाळीच्या सुट्टीत पोरं अंगणात काय करतात? दगडगोटे रचतात, वर गोणपाट टाकतात, चिखल थापतात, त्यात अळीव नाहीतर मोहरी पेरतात आणि पाण्याचा शिपका मारत बसतात. त्याला कुणी उठावाचा नकाशा म्हणत नाही, 'किल्ला' म्हणतात. काम मात्र तेच. भोंगवली भोर तालुक्याच्या पूर्व अंगाला, त्यामुळे खरे डोंगर मावळतीला. त्या पट्ट्याचं नावच मुळी मावळ, सूर्य मावळतो त्या बाजूचं.

तिकडच्या डोंगरांना माणसांनी दिलेली नावं पाहिली की ती कागदावर बघून दिलेली नाहीत हे कळतं. डोंगराची उतरत गेलेली धार ती 'सोंड'. कड्यात आरपार भोक असलं तर ते 'नेढं', सुईच्या भोकाला म्हणतात तेच. तसं एक राजगडाच्या सुवेळा माचीवर आहे. 'माची' म्हणजे मुळात बसायची बाज किंवा चौरंग, 'मंच'शी नातं सांगणारी. किल्ल्याच्या अंगाला जोडलेली सपाटी तशीच दिसते. तोरण्याला बुधला माची आहे, आणि बुधला म्हणजे तेलाचं भांडं. ही नावं हाताला आकार माहीत असलेल्या माणसांनी ठेवली आहेत. मातीत किल्ला करणाऱ्या पोराला 'इथं सोंड काढ' एवढं सांगितलं तरी पुरतं.

अडचण येते ती कडेला. राजगड करायला घेतला तर थांबायचं कुठे? गुंजवणीच्या खोऱ्यात, की तोरण्यापर्यंत जायचं? फळी संपते तिथे डोंगर कापावा लागतो. बेटाला ही चिंता नाही, त्याची कड समुद्रानंच कापून दिलेली असते. अरबीत बेटाला म्हणतात 'जझीरा', आणि त्या धातूच्या अर्थांत कापणं आहे, भरतीचं पाणी ओसरणंही आहे. मराठीत त्याचा 'जंजिरा' झाला आणि अर्थही सरकला. पाण्यातला किल्ला तो जंजिरा. विजयदुर्ग तीनच बाजूंनी पाण्यात, तरी जुन्या कागदांत तोही जंजिराच. साखळीच्या जंजिरीशी लोक त्याचं नातं जोडतात, ते खरं नाही. संस्कृतातलं 'द्वीप' दोन्ही बाजूंनी पाणी असलेलं, 'द्वि' आणि 'अप्'. आपलं रोजचं 'बेट' तर पाण्याला बांधलेलंही नाही. कळकाचं बेट डोंगरउतारावर असतं, आणि शिरूर तालुक्यातला नद्यांमधला टापू 'बेट भाग' म्हणून ओळखला जातो. आजूबाजूहून वेगळं, एकत्र दाटलेलं, एवढंच त्याला पुरे.

आता समुद्रातलं एखादं बेट हातानं करून विकायचं म्हटलं तर हिशेब पाहा. सिंधुदुर्ग मालवणजवळ कुरटे बेटावर, १६६४ साली बांधायला घेतलेला. क्षेत्र सुमारे ४८ एकर, तट सुमारे ३० फूट. एकास पन्नास हजार या प्रमाणावर अख्खं बेट जेमतेम ९ मिलिमीटर रुंद होईल आणि तटाची उंची मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. तोरणा समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर. त्याच प्रमाणावर तो २.८ सेंटिमीटर भरतो, आणि पायथ्यापासून मोजला तर त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून डोंगराचा नकाशा करणारे उंची दोन-तीन पट वाढवतात, नाहीतर सह्याद्री वाळलेल्या भाकरीसारखा दिसेल. सिंधुदुर्गाला वेगळा उपाय लागतो: प्रमाणच एकास हजार धरलं, की बेट ४४ सेंटिमीटरचं आणि तट ९ मिलिमीटरचा. मग फळीवर पाणी रंगवायला जागाही उरते.

करण्याची रीत जुनीच. समोच्च रेषांवरून पुठ्ठे कापायचे, एकावर एक चिकटवायचे, पायऱ्या कागदाच्या लगद्यानं बुजवायच्या, वर रंग. एकच नग करायचा तर एवढ्यावर भागतं. दहा विकायचे असतील तर साचा घ्यावा लागतो, आणि साच्यात सगळं उलटं: शिखराचा खड्डा, दरीचा उंचवटा. दिवाळीच्या तोंडावर पुण्याच्या कुंभारवाड्यात मातीचे मावळे मिळतात, त्यांच्या शेजारी तयार किल्लेही असतात. साच्यातल्या किल्ल्याला सगळीकडे तीच माची, तीच सोंड. हातानं केलेल्यात करणाऱ्याचा अंदाज दिसतो, कुठे चुकलेलाही.

माझं म्हणणं एवढंच, की पाठ्यपुस्तकी 'त्रिमितीय प्रतिकृती' ठेवून द्यावी आणि 'उठाव' उचलावा. शिवाय विकणाऱ्यानं उंची किती पट वाढवली ते फळीच्या मागे प्रामाणिकपणे लिहावं: 'उठाव तिप्पट'. भोरच्या बाजारातला व्यापारी ते वाचून विचारेल, 'मग भाव का नाही वाढवला?'