सी-ड्राइव्हचा पत्ता आणि मेळघाटातले शब्द

मंडळी, आजचा विषय जरा रूक्ष वाटेल. पण गेले दोन महिने मी त्यातच आहे, तेव्हा तुम्हालाही थोडे सोसावे लागणार. विषय आहे जुन्या एएसपी संकेतस्थळांचा. ती बंद का पडत, आणि बंद पडली की नेमके काय हरवत असे, याचा.

आधी थोडा इतिहास. डिसेंबर १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘ॲक्टिव्ह सर्व्हर पेजेस’ हे तंत्र आणले. त्याआधी संकेतस्थळाचे पान म्हणजे बहुतेकदा छापील पत्रक. एकदा लिहिले की तसेच राहायचे. एएसपीमुळे पान मागितल्याक्षणी तयार होऊ लागले. वाचकाने शब्द विचारला की सर्व्हर आपल्या माहितीच्या कोठारात जाई, तो शब्द काढी आणि पान रचून पाठवी. कोठार बहुतेकदा ॲक्सेसची .एमडीबी फाइल असे. ॲक्सेस ऑफिसबरोबर मिळे, महागडा डेटाबेस विकत घ्यायला नको. त्यामुळे शाळा, पतपेढ्या, ज्ञातिमंडळे, वधूवर सूचक केंद्रे अशा लहान लहान मंडळींना ते परवडले. २००२ साली एएसपी डॉट नेट आले आणि या जुन्या तंत्राला ‘क्लासिक’ म्हणू लागले. सहा वर्षांत अभिजात! आमच्या मराठीला त्यासाठी २०२४ सालापर्यंत थांबावे लागले.

याच २००२ साली पुण्याच्या माझ्या भाच्याने आमचे एक छोटे संकेतस्थळ केले. मी तेव्हा चिखलदऱ्याला शिकवत होते. वर्गातली निम्मी मुले कोरकू. त्यांच्या आज्या-आजोबांकडून मुलांनी आणलेले शब्द मी वह्यांत उतरवत असे: शब्द, मराठी अर्थ, कोणत्या गावचा, कुणी सांगितला. असे साडेसहाशेवर शब्द झाले होते. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. तिची सख्खी भावंडे, संथाळी आणि मुंडारी, थेट झारखंडाकडे. ही एकटी पश्चिमेला सातपुड्यात येऊन राहिलेली. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय, म्हणजे कोरकू या शब्दाचा अर्थच ‘माणसे’. २०११ च्या जनगणनेत ती बोलणारे सव्वासात लाखांवर होते, तेव्हा भाषा काही मरणपंथाला लागलेली नाही. पण रानातल्या कंदांची, गवतांची, पाखरांची नावे मुलांच्या तोंडून कमी होत चालली होती. ती कुठेतरी राहावीत एवढाच हेतू.

भाच्याच्या यंत्रावर सगळे झकास चालले. एका परदेशी कंपनीच्या फुकट जागेवर चढवले आणि पहिल्याच दिवशी पान लाल अक्षरांत बोलू लागले. मी बाजारातल्या एसटीडी बूथवरून त्याला फोन लावला. तो म्हणाला, “मावशी, तू फक्त काय लिहून आलंय ते वाच.” मी आकडा वाचला, ८०००४००५. तो हसला. हा आकडा त्या काळी एएसपी करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असे. आणि त्याचा अर्थ? ‘काहीतरी बिनसले आहे’, यापलीकडे फारसा नाही. खरे कारण पुढच्या वाक्यात असे: फाइल सापडत नाही.

सापडणार कशी? पानात तिचा पत्ता लिहिला होता तो भाच्याच्या खोलीतल्या संगणकाचा: सी-ड्राइव्ह, त्यात इनेटपब, त्यात डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूरूट, आणि पुढे. कंपनीच्या यंत्रावर आपली जागा भलत्याच ड्राइव्हवर, भलत्याच फोल्डरात. तिचा पत्ता आपल्याला कुणी सांगत नसे आणि तो न कळवता बदलतही असे. यावर एएसपीत उपाय होता, त्याचे नाव सर्व्हर.मॅपपाथ. त्याला संकेतस्थळाच्या हिशेबाने पत्ता सांगायचा, ‘आमच्या दारापासून अमुक फोल्डर’, आणि तो त्या यंत्रावरचा खरा पत्ता काढून देई.

आता हे भाषांतर लागतेच का, याच्या मागे एक मजेदार गोष्ट आहे. फोल्डरात फोल्डर ही कल्पना १९६५ च्या सुमारास अमेरिकेत मल्टिक्स नावाच्या प्रणालीसाठी मांडली गेली. बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून युनिक्स घडत गेले, त्यांनी ती उचलली आणि फोल्डरांच्या नावांमध्ये / अशी तिरपी रेघ घातली. महाजाल युनिक्सच्या अंगणात वाढले, म्हणून संकेतस्थळांच्या पत्त्यात तीच रेघ. इकडे मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डर नव्हतेच. तिथे / ही रेघ आज्ञेपुढचे पर्याय लिहायला वापरून झाली होती. १९८३ साली डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले तेव्हा ती रेघ मोकळी नव्हती, मग उलटी रेघ घेतली, \ अशी. तेव्हापासून दोन घराण्यांच्या दोन रेघा. एएसपीचे पान बिचारे दोन्हींच्या मधोमध उभे: वाचकाकडून येणारा पत्ता सुलट्या रेघांचा, डिस्कवरचा पत्ता उलट्या रेघांचा. मॅपपाथ हा त्यांच्यातला दुभाषी.

पत्ता सांगण्याच्या दोन रीती तर आपल्यालाही माहीत आहेत. “परतवाड्याहून निघा, धामणगाव गढी, मोथा, मग चिखलदरा” ही एक. ती कुणीही, कुठूनही पाळू शकतो. दुसरी आमच्या वऱ्हाडातली: “थे तिकडंच ठेवलं हाय ना बापा!” बोलणारा कुठे उभा आहे हे माहीत असेल तरच ‘तिकडं’ला अर्थ. संगणकात ही दुसरी रीत दोन टिंबांनी लिहितात, ‘एक फोल्डर मागे जा’ अशी. एएसपीत एका पानात दुसरे पान ओढून घ्यायचे असले तर दोन्ही रीती चालत: ‘इन्क्लूड फाइल’ म्हणजे मी जिथे आहे तिथून, ‘इन्क्लूड व्हर्च्युअल’ म्हणजे संकेतस्थळाच्या उंबरठ्यापासून. मग विंडोज सर्व्हर २००३ आले आणि त्याच्याबरोबरच्या आयआयएस ६ ने सुरक्षिततेसाठी दोन टिंबांवर बंदी घातली. दोन टिंबे वापरत वापरत एखादा लबाड आपल्या जागेबाहेरच्या फोल्डरांत शिरू शकतो, म्हणून. बंदी उठवता येई, पण ते सर्व्हरवाल्याच्या हातात. आम्ही २००५ साली एका देशी कंपनीकडे जागा घेतली तेव्हा नेमके यातच अडकलो. भाच्याने बसून एकेक पान दुरुस्त केले. तेव्हा चिखलदऱ्याला भारनियमन जोरात आणि नेट फोनच्या तारेवरचे. सुधारलेले पान उघडून पाहायला कधी कधी संध्याकाळ उजाडे.

मी शिक्षिका इतिहासाची, त्यामुळे पत्ता बदलणे हे प्रकरण मला नवीन नव्हते. मेळघाटाचाच पत्ता पाहा. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला, तेव्हा इथला कारभार हैदराबादच्या रेसिडेंटाकडे. १९०२ साली नवा करार झाला, १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला आणि वरचे कार्यालय झाले नागपूर. मेळघाट तालुका तेव्हा एलिचपूर जिल्ह्यात होता. १९०५ साली तो जिल्हाच मोडून उमरावतीत घातला. १९५६ साली मुंबई, १९६० साली महाराष्ट्र. एलिचपूरचे अचलपूर झाले, उमरावतीचे अमरावती. चिखलदरा जागचा एक इंच हलला नाही, पण त्याच्याविषयीचे जुने कागद शोधणाऱ्याला आधी विचारावे लागते, कुठल्या सालचे? मग ठरते की हैदराबाद म्हणायचे की नागपूर, आणि यादीत ‘अमरावती’खाली पाहायचे की ‘एलिचपूर’खाली. कागद असतो. त्याच्याकडे जाणारी वाट मोडलेली असते.

परत आमच्या पानाकडे. पत्ता सापडला तरी काम संपत नसे. शब्द वाचता येत होते, नवा शब्द घालायला गेले की ‘ऑपरेशन मस्ट यूज ॲन अपडेटेबल क्वेरी’. प्रश्न विचारण्याच्या भाषेशी याचा बहुधा काहीच संबंध नसे. संकेतस्थळ पाहायला येणारा अनोळखी माणूस हा त्या यंत्राच्या लेखी पाहुणा. त्याच्या खात्याला नावही ‘इंटरनेट गेस्ट’ असेच होते. पाहुण्याला ओसरीवर बसता येते, कोठीघरात शिरता येत नाही. आणि ॲक्सेसची तऱ्हा अशी की फाइल उघडली की तिच्याच फोल्डरात .एलडीबी नावाची एक छोटी कुलूप-फाइल तयार करायची, दोघांनी एकाच वेळी एकच नोंद बदलू नये म्हणून. तेव्हा नुसत्या .एमडीबीवर लिहिण्याची परवानगी देऊन भागत नसे, सबंध फोल्डरावर द्यावी लागे. हे न कळल्याने लोकांनी रात्री जागवल्या आहेत. काही जण वैतागून सगळे कोठार संकेतस्थळाच्या उघड्या फोल्डरात ठेवून मोकळे होत. मग पत्ता अंदाजाने टंकला की कुणीही फाइलच उचलून नेऊ शके. पतपेढीच्या खातेदारांची यादी अशी उघड्यावर राहिली तर काय होईल, कल्पना करा. भल्या कंपन्या म्हणून कोठारासाठी दाराबाहेरचे वेगळे फोल्डर देत.

पुढे २००८ नंतर ६४ बिटी सर्व्हर आले. ॲक्सेसशी बोलणारा ‘जेट’ हा दुवा फक्त ३२ बिटींचा. नव्या सर्व्हरवर ‘प्रोव्हायडर सापडत नाही’ अशी पाटी. एक खूण बदलली की चाले, पण ती पाटी दिसायलाही हवी ना! आयआयएस ७ पासून चुकीचा तपशील वाचकाला दाखवायचा नाही असे ठरले. सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्यच, पण फोनवरून वाचून दाखवणाऱ्या मावशीच्या हाती आता ‘प्रशासकाशी संपर्क साधा’ एवढेच येई. तोवर भाचा परदेशी गेला होता. आमचे पान २०११ साली गप्प झाले ते झालेच. या तंत्राची भाषा व्हीबीस्क्रिप्ट, तीही विंडोजमधून टप्प्याटप्प्याने काढणार असे मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केले.

यंदा उन्हाळ्यात भाचा आला होता. त्याच्या जुन्या सीडींत .एमडीबी सापडली. सर्व्हर नको, एएसपी नको, फाइल सरळ उघडली. शब्द आधी रोमन कचऱ्यासारखे दिसले, कारण ते युनिकोडपूर्व फॉन्टात टंकलेले होते. ते रूपांतर एका दुपारी झाले. शब्द आले, अर्थ आले. गावाचा रकाना मात्र रिकामा.

याचेही कारण पत्ताच. गावांची आणि सांगणाऱ्यांची यादी भाच्याने दुसऱ्या .एमडीबीत ठेवली होती आणि मुख्य फाइलीतून तिला जोड दिली होती. ॲक्सेस अशी जोड लिहिताना जोडलेल्या फाइलीचा संपूर्ण पत्ता लिहितो, ड्राइव्हच्या अक्षरापासून. तो पत्ता अजून स्पष्ट वाचता येतो: डी-ड्राइव्ह, एक फोल्डर, फाइलीचे नाव. ते यंत्र कधीच भंगारात गेले आणि ती दुसरी फाइल सीडीवर चढलीच नव्हती. प्रत्येक शब्दापुढे आता गावाऐवजी एक आकडा आहे. ७, १२, ३१.

आणि गावे तरी कुठे आहेत? मेळघाट व्याघ्र प्रकल्पातली कोहा, कुंड, बोरी, चुर्णी, वैराट ही गावे या काळात जंगलाबाहेर नेऊन वसवली गेली. माणसे सपाटीवर आली, ज्या कंदाचे नाव सांगितले तो कंद वर रानात राहिला. तो शब्द कोहाचा की कुंडचा, हे त्या रकान्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. सांगणाऱ्यांपैकी बहुतेक आज नाहीत.

सुदैवाने वह्यांपैकी चार माझ्या कपाटात निघाल्या. त्यांवरून आकडा आणि गाव जुळवत बसले आहे. एकतीस म्हणजे बोरी हे तीन शब्दांवरून नक्की झाले; बारा अजून लागत नाही. आजवर चारशे अकरा शब्दांपुढे गाव परत आले आहे. दोन वह्या १९९९ च्या सुमारास अमरावतीच्या घरी गेल्या होत्या, निळ्या पुठ्ठ्याच्या, दोनशे पानी. अमरावतीकर मंडळींनी माळ्यावरची पत्र्याची पेटी एकदा उघडून पाहावी.