माळकरी शाकाहार
वारकरी संप्रदायातील आहारनेम. तुळशीची माळ गळ्यात घालणारा मांस-मद्य सोडतो, एकादशी धरतो. मांसाहारी घरांत जन्मलेली माणसेही अशी माळकरी होतात. भूतदया हे या नेमाचे मूळ. जैन व महानुभाव परंपरांतही अहिंसाच मुख्य. वऱ्हाडात मात्र या आहारनेमाला घरखर्चाचेही कारण जोडले गेले आणि ते तितकेच मोलाचे आहे. तिथले कीर्तनकार गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांनी आपल्या मुलीच्या बारशाला रूढीप्रमाणे मटण-दारू न देता गोडाचे जेवण घातले. पुढे आयुष्यभर कीर्तनांतून त्यांनी नवसाचा पशुबळी आणि कर्ज काढून घातलेल्या जेवणावळी यांवर कोरडे ओढले.