रुग्णालयातील बालक व त्याचे कुटुंब : कर्करोगोपचाराच्या इतिहासाची एक बाजू

बालकांच्या कर्करोगाचा इतिहास सामान्यतः औषधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. १९४८ साली बॉस्टन येथील सिडनी फार्बर यांनी तीव्र स्वरूपाचा रक्ताचा कर्करोग झालेल्या १६ बालकांना ॲमिनॉप्टेरिन दिल्याचे व त्यांपैकी १० जणांची प्रकृती काही काळ सुधारल्याचे प्रसिद्ध केले. ही घटना त्या इतिहासाचा आरंभ मानली जाते. परंतु औषधांना यश येऊ लागताच एक नवा प्रश्न उभा राहिला. पूर्वी जे मूल काही महिन्यांतच दगावत असे, ते आता जगू लागले आणि त्याचे उपचार दोन-तीन वर्षे चालू लागले. एवढा काळ मुलाजवळ कोणी राहावे, कोठे राहावे आणि खर्च कसा चालवावा, हा प्रश्न वैद्यकाच्या कक्षेबाहेरचा वाटला, तरी उपचारांचे फलित पुष्कळ अंशी त्यावरच अवलंबून होते.

विसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधील अनेक रुग्णालयांत आईबापांना आठवड्यातील ठरावीक वेळीच मुलाला भेटता येई. संसर्गाचे भय हे त्याचे एक कारण होते. आई परत निघाली की मूल रडते, तेव्हा ती न आलेलीच बरी, ही समजूत दुसरे. जेम्स रॉबर्टसन यांच्या १९५२ च्या चित्रपटाने या समजुतीला धक्का दिला. शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या दोन वर्षांच्या मुलीचे गप्प राहणे म्हणजे रुळणे नव्हे, ते मनाने मिटणे होय, हे त्यातून दिसले. १९५९ साली प्लॅट समितीने भेटीवरील निर्बंध काढावेत व लहान मुलांबरोबर आईलाही राहू द्यावे, अशी शिफारस केली. हा विचार सर्वच आजारी मुलांविषयीचा होता. तथापि दीर्घ उपचार घेणाऱ्या कर्करोगी बालकांच्या बाबतीत त्याचे महत्त्व विशेष ठरले.

मात्र राहण्याची परवानगी मिळाली, म्हणजे राहण्याची सोय झाली असे नव्हे. दुरून येणाऱ्या कुटुंबांची ही अडचण ओळखून फिलाडेल्फिया येथे १९७४ साली पहिले रोनाल्ड मॅकडोनाल्ड गृह उघडण्यात आले. बालकर्करोगतज्ज्ञ ऑड्री एव्हन्स यांचा आग्रह आणि मुलीच्या आजारामुळे हे दुःख जवळून पाहिलेले फुटबॉलपटू फ्रेड हिल यांचे प्रयत्न त्यामागे होते.

मुंबईत हा प्रश्न अधिक तीव्र होता. परळ येथे १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात महाराष्ट्राबाहेरूनही फार मोठ्या संख्येने रुग्ण येत राहिले. त्यांना आधार मिळाला तो धर्मशाळेचा. यात्रेकरूंसाठी उभी राहिलेली ही जुनी संस्था गाडगे महाराजांच्या कार्यपरंपरेत रुग्ण व त्यांच्या नातलगांसाठी उपयोगात आली; दादरची धर्मशाळा त्याची साक्ष आहे. पुढे २००६ साली सेंट ज्यूड इंडिया या संस्थेने केवळ कर्करोगी बालके व त्यांचे आईवडील यांच्यासाठी मुंबईत विनामूल्य निवासाचे केंद्र सुरू केले. तेथे प्रत्येक कुटुंबास स्वतंत्र जागा असून आया स्वतःच स्वयंपाक करतात. उपचारांमुळे प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या मुलास स्वच्छ जागा व ताजे अन्न मिळणे हा उपचाराचाच भाग होय.

या संदर्भात एका पारिभाषिक संज्ञेचा विचार उद्बोधक ठरतो. बरे करण्यासाठी योजलेले उपचार सुरूच न करणे, किंवा सलग चार आठवडे वा त्याहून अधिक काळ खंडित ठेवणे, यास बालकर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय परिभाषेत ‘उपचारांचा त्याग’ असे म्हणतात. मराठीत ‘उपचार सोडले’ म्हटले, की सोडणारा कर्ता गृहीत धरला जातो आणि दोष आईबापांकडे जातो. ‘उपचार सुटले’ या अकर्मक रचनेत तो आरोप नाही. रोजगार बुडालेला, गावी दुसरी मुले ठेवून आलेला, पदपथावर रात्र काढणारा बाप गावी परततो, तेव्हा त्याने उपचार सोडलेले नसतात; ते त्याच्या हातून सुटलेले असतात. सोडणाऱ्यास उपदेश पुरेल असे वाटते. ज्याच्या हातून सुटले त्यास मात्र निवारा, अन्न व प्रवासखर्च द्यावा लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली, २०३० पर्यंत कर्करोगी बालकांपैकी किमान ६० टक्के बालके वाचावीत, असे उद्दिष्ट ठरविले. वरील इतिहास पाहता, ते उद्दिष्ट केवळ औषधांच्या पुरवठ्याने साधणारे नाही. मुलाच्या उशाशी बसलेल्या माणसाची रात्रीची सोय कोठे आहे, हेही प्रत्येक रुग्णालयास विचारावे लागेल.